घरात माणसं पाच, पांदण तीन किलोमीटर : थार, जिम्नी का बोलेरो?

काळीचा_कास्तकार
नमस्कार मंडळी. लय दिवसांपासून वाचून राहिलो, धागा पयल्यांदाच काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव चांदूर बाजार तालुक्यात. घरी मी, बायको, दोन लेकरं (एक तिसरीत, एक बालवाडीत) अन् माय. मायचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, दर पंधरा दिवसाले अमरावतीले दाखवा लागते. बायको जिल्हा परिषद शाळेवर, शाळा चौदा किलोमीटर, त्यातला शेवटचा चार किलोमीटर रस्ता म्हणजे फक्त नावाले रस्ता. वावर घरापासून तीन किलोमीटर, संत्रा अन् पऱ्हाटी, जायले पांदण (वावरात जायची कच्ची वाट). उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गुडघाभर चिखल.

सध्या नऊ वर्षं जुनी छोटी गाडी आहे. मागच्या आषाढात शाळेच्या रस्त्यावर गोट्यावर चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) लागलं, ऑइल सांडलं, लेकरं मागं बसलेली अन् पाऊस चालू. बायको स्कुटीनं पुढं गेली होती, ती परत आली, लेकराले एकेक करून घरी नेलं. तवाच ठरवलं का आता उंच गाडी घ्यायची. बजेट पंधरा-सोळा लाख, रस्त्यावर येईपर्यंत. फोर बाय फोर (चारही चाकाले ताकद जाणारी) पाहिजेनच असं मनात आहे. थार पाहिली, जिम्नी पाहिली. घरच्या रोजच्या वापराले ह्या गाड्या कशा राहतात? ज्यायच्याकडं आहे त्यायनं सांगा, व्हिडिओ पाहून पाहून डोकं दुखलं.

रोही_आडवी
जिम्नी. चार चाकं ओढते, छोटी आहे, गल्लीत वळते. जास्त विचार करू नका.

जुनी_कमांडर
ह्या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं हे सगळं नवीन नाही भाऊ. 1947 पासून इकडं विलीज जीप जुळवून विकायले सुरुवात झाली, मंग एमएम 540 आली, मंग मेजर, कमांडर, मार्शल. आमच्या घरी 1996 ते 2011 कमांडर होती. आजोबा त्यातच तुरीची पोती आणत, त्यातच बहिणीची पाठवणी झाली, अन् गावातली किती बाळंतीण पोचवली याचा हिशोब नाही. काळी-पिवळीत चौदा-पंधरा माणसं भरून दर्यापूर-मूर्तिजापूर केलेलं मी सोताच्या डोळ्यानं पाहिलं, दोघं टपावर, एक ड्रायव्हरच्या उजव्या बाजूनं.

पण त्या गाड्या अन् आताच्या थारमधी फरक हा का कमांडर घरची गाडी म्हणूनच बनली होती, मागचं दार उघडलं का म्हतारं माणूस सरळ पाय टाकून चढून बसे. तीन दाराच्या थारमधी मागं जायचं तर पुढचं सीट पाडा, वाकून आत शिरा. तुमच्या मायले हे रोज जमन काय? मी माझ्या काकूले बसवून पाहिलं एकदा, तिनं अर्ध्यातूनच पाय मागं घेतला अन् म्हणे "मी बसनं येतो बाप्पा, तू जाय पुढं".

मेळघाटवाली
मी शिक्षिका. धारणी तालुक्यात नोकरी, घर परतवाड्याला. आठवड्याला दोन वेळा घाट चढते-उतरते. 2023 च्या दिवाळीपासून जिम्नी आहे, स्वतः चालवते. आतापर्यंत जे जाणवलं ते लिहिते.

वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे ओल्या मातीत ती पटकन रुतत नाही, हा तिचा खरा गुण आहे. सेमाडोहच्या पुढे मुरमाच्या रस्त्यावर आणि छोट्या रपट्यांवर (नाल्यावरच्या बुटक्या पुलांवर) मला तिने एकदाही अडवलं नाही. फोर-लो (चारही चाकं, वेग कमी पण ताकद जास्त) मध्ये टाकली की चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबायचीच गरज राहत नाही, हळूहळू आपली आपण चढते. काच मोठी, चौकोनी, बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात, अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की नेमकं कळतं आपण किती बाजूला गेलोय.

पण डिक्की म्हणजे दोन शाळेच्या बॅगा आणि एक भाजीची पिशवी. मागची सीटं उभी असताना 208 लिटर. इंजिन पेट्रोल, दीड लिटर, 105 पीएसचं, घाटात पूर्ण भरली की दम लागतो. घरात आम्ही तिघं, त्यामुळे चालून जातं.

वर्धेकाठचा
मले एक कळत नाही. सगळे ग्राउंड क्लिअरन्सवर (गाडीच्या पोटाखालच्या उंचीवर) बोलून राहिले, धागा काढणाऱ्याच्या घरी माणसं पाच आहे हे कोणी वाचलं का? थार तीन दारी, सीटं चार. जिम्नी, सीटं चार. आरसी बुकात लिहिलेलंच चार आहे भाऊ. पाचवं कोण, लेकरू मांडीवर का?

काळीचा_कास्तकार
@वर्धेकाठचा, बाप रे. खरं सांगू, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. छोट्या गाडीत मागं तिघं बसतात त्यायची सवय झाली. जिम्नीले पाच दारं आहे म्हणून मी पाच सीटं धरून चाललो होतो.

मंग आता काय?

पुण्यातला_यवतमाळकर
गाव दारव्हा, नोकरी पुण्यात, महिन्यातून एकदा समृद्धीवरून गावी. या विषयात मी जरा जास्तच शिरलेलो आहे, लांब होईल, सॉरी.

पाच माणसं आणि सोळा लाख म्हटलं की यादी लहान होते. थार रॉक्स (15 ऑगस्ट 2024 ला आलेली पाच दारांची) पाच सीटं देते, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2850 मिलिमीटर म्हणजे तीन दारी थारपेक्षा तब्बल चाळीस सेंटिमीटर लांब, मागे पाय ठेवायला खरी जागा. पण रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे आणि तो तुमच्या बजेटच्या बराच वर जातो. फोर्स गुरखा पाच दारी, 2.6 लिटर डिझेल, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारे), या सगळ्यांत चिखलासाठी सगळ्यात पक्की तीच, पण रोज शाळेत-दवाखान्यात न्यायला ट्रकसारखी वाटते, आणि तीही महागच.

टॅक्सबद्दल पण लक्षात घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्क्यांत, बाकी मोठ्या 40 टक्क्यांत. जिम्नी लांबीने चार मीटरच्या आत आहे पण इंजिन 1462 सीसी पेट्रोल, म्हणून ती 40 मध्ये. बोलेरो, बोलेरो निओ आणि तीन दारी थारचं दीड लिटर डिझेल, टू व्हील ड्राइव्ह, हे 18 मध्ये.

रोही_आडवी
मंग बोलेरो निओ घ्या ना. सात सीटा, मागच्या चाकावर चालते, वरच्या एका मॉडेलले मागच्या एक्सलले लॉक होणारं डिफरन्शियल पण भेटते. एक चाक हवेत फिरून राहिलं तर दुसऱ्याले ताकद जाते. चिखलाले तेवढं पुष्कळ.

पुण्यातला_यवतमाळकर
लॉकचं बरोबर आहे तुमचं, पण निओ मी सुचवणार नाही. ग्लोबल एनकॅपने एप्रिल 2024 मध्ये तिची टक्कर-चाचणी घेतली, मोठ्यांसाठी एक स्टार, मुलांसाठी एक स्टार. मागची दोन सीटं आडवी, एकमेकांकडे तोंड करून, तिथे बालवाडीतलं लेकरू बसवायचं का? रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच स्टार आहेत. दोन लेकरं आणि म्हातारी आई रोज बसणार असेल तर मला हा फरक फार मोठा वाटतो. निओचा ग्राउंड क्लिअरन्सही 160 मिलिमीटरच आहे, ज्या चेंबरसाठी हा धागा निघाला ते परत लागेल.

जुनी_कमांडर
स्टार-बिर समजते मले पण, आम्ही अर्धं आयुष्य कमांडरच्या टपावर काढलं ना भाऊ.

मेळघाटवाली
@जुनी_कमांडर दादा, राग मानू नका, पण टपावरून पडलेले आमच्याच गावातले दोघं होते, त्यातला एक अजून नीट चालत नाही. आपण वाचलो म्हणून ती गाडी सुरक्षित होती असं होत नाही. माझ्या मुलाला मी पाचव्या वर्षापर्यंत चाइल्ड सीटमध्येच बसवलं, सासूबाई म्हणायच्या कशाला बांधून ठेवतेस लेकराला, आता त्याच नातवाला सांगतात पट्टा लाव म्हणून.

जुनी_कमांडर
मान्य ताई. राग कायचा. बरोबर बोलल्या.

ट्रॅक्टरवाला_दर्यापूर
आता माझं ऐका. माझ्याकडं पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आहे अन् पावसाळ्यात गाड्या ओढायचं काम अर्धं माझंच असते. जून ते सप्टेंबर किती गाड्या टोचन करून काढल्या ते मलेच माहीत, अन् त्यात फोर बाय फोर कमी नसते.

लोकायचा समज असा का चारही चाकं फिरतात म्हणजे गाडी निघते. आपली काळी माती ही रेती नाही अन् मुरूमही नाही. उन्हाळ्यात तिले हात जाईन अशा भेगा पडतात, पावसानं ती फुगते अन् डिंकासारखी होते. पयल्या दहा फुटात टायरच्या नक्षीतल्या फटी भरून जातात. टायर काळंभोर गुळगुळीत होते, रोटी लाटायच्या बेलण्यासारखं. मंग चारही चाकं फिरतात अन् गाडी जाग्यावर. त्यावर एक्सिलेटर दाबला का चाकं खाली खड्डा करतात अन् चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) मातीवर टेकते. चेसिस टेकली का काम खलास, मंग तुमची गाडी वीस लाखाची का दोन लाखाची, फरक नाही.

मागच्या वर्षी एक पाहुणे आले, नवी कोरी फोर बाय फोर, वावर पाहायले निघाले. पोट्ट्यानं टायरमधली हवा कमी केली, व्हिडिओत पाहून. काही फायदा झाला नाही. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) अशी बसली का दार उघडायले फावड्यानं माती काढली. मी साखळी लावायले गेलो तर पुढं बंपरले बांधाले निघाले. म्हतलं बंपर घरी घेऊन जायचा आहे का? खाली टोचन हूक असते, तिथं लावा. काढायले दीड तास. चाकाच्या वरच्या कमानीत जी माती अडकली होती ना, ती सब्बलीनं खणून काढली, विटेसारखे तुकडे निघत होते.

म्हणून सांगतो, पांदण तीन किलोमीटर काळीची असन तर चार महिने गाडी नेऊच नका. ट्रॅक्टर, बंडी (बैलगाडी), नाहीतर पायी. अन् त्यासाठी चार-पाच लाख जास्तीचे टाकू नका.

वर्धेकाठचा
एक नंबर. बेलणं मस्त म्हतलं.

झाडीपट्टी
ट्रॅक्टरवाल्या भाऊचं काळ्या मातीपुरतं बरोबर आहे, पण सगळं विदर्भ म्हणजे काळी माती नाही ना. मी आलापल्लीच्या पुढचा. इकडे मुरूम, जंगल, नाले आणि धानाच्या बांध्या. रस्ता चिखलाचा नसते, रस्ता वाहून गेलेला असते. अर्धा फूट उंच दगड, मधात नाली पडलेली. तिथं फोर-लो आणि उंच गाडी लागतेच लागते. मी सात वर्षं जुनं बोलेरोचं फोर बाय फोर मॉडेल चालवून राहिलो, दिवसाउजेडी कोणत्याही पाड्यावर जातो.

पण एक सांगतो, ऐका. पाण्यात गाडी टाकू नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा पुलावर पाणी असताना काही लोकं म्हणतात आपली गाडी उंच आहे, निघून जाईल. वाहतं पाणी एक फूट असलं की छोटी गाडी हलते, दोन फूट झालं की मोठी पण तरंगते. गाडी जड असली तरी आत हवा भरलेली असते ना. आणि पुरात खालचा रपटा जाग्यावर आहे की वाहून गेला हे वरून दिसत नाही. मी दोन रात्री गाडीत झोपून काढल्या आहेत नाल्याच्या अलीकडे. घरचे रडून राहिले होते फोनवर, तरी नाही टाकली.

काळीचा_कास्तकार
@झाडीपट्टी भाऊ, वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेच्या रस्त्यावर पण एक रपटा आहे, बायको स्कुटीनं त्याच्यावरून जाते. आजच बोलतो तिच्याशी.

मुरूम_टाका
तुमच्या गावात पांदण आहे, तीन किलोमीटर आहे, त्यावर किती कास्तकारांचं वावर आहे? वीस? तीस? 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. आमच्या गावानं सरपंचाच्या मागं लागून पांदण करून घेतली. सोपं नव्हतं. दोन जणांनी धुरा सोडायला नकार दिला, मोजणी आणली, भांडणं झाली, एकाशी मी अजून बोलत नाही. पण मुरूम पडला, बाजूनं नाल्या काढल्या, आणि आता जुलैमध्ये सुद्धा साधी गाडी वावरापर्यंत जाते, कापसाचा टेम्पो धुऱ्याला लागतो.

फोर बाय फोर घेऊन एका घराचा प्रश्न सुटते. पांदण केली तर तीस घरांचा सुटते, बंडीवाल्याचा पण.

ट्रॅक्टरवाला_दर्यापूर
नाल्या काढल्या हे महत्त्वाचं. नालीबिगर मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यात काळी त्याले गिळून टाकते.

रोही_आडवी
योजना मंजूर होईपर्यंत मायचे गुडघे थांबन काय? त्यायले गाडी आता पाहिजेन.

मुरूम_टाका
मायला वावरात न्यायचं नाही ना, अमरावतीला न्यायचं आहे. तो रस्ता डांबरी आहे. मी पांदणीबद्दल बोलून राहिलो.

मिस्त्री_अकोला
तेवीस वर्षं गॅरेजवर आहे, मोठ्या गाड्यायचं काम जास्त. तीन गोष्टी सांगतो ज्या शोरूमवाले सांगत नाही.

डिझेल घ्यायचं असन तर रोजचा फेरा किती लांब ते पाहा. नव्या डिझेल गाड्यायले सायलेंसरमधी डीपीएफ असते, धुरातली काजळी अडवते. ती काजळी जाळायले गाडी बराच वेळ गरम अन् एका चालीनं चालावी लागते. फक्त चार-पाच किलोमीटर शाळा-बाजार, शाळा-बाजार केलं तर ती जळत नाही, मीटरमधी दिवा लागते, लोकं दुर्लक्ष करतात, मंग गाडी ताकद सोडते अन् खर्च दहा-वीस हजारावर जाते. तुमचा आठवड्यात-पंधरवड्यात अमरावतीचा फेरा आहे, ते चांगलं. त्या दिवशी मधात थांबू नका, साठ-सत्तरनं सरळ जाऊ द्या.

दुसरं, फोर बाय फोर घेतलीच तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगाची) टाकून चालवू नका. ह्या पार्ट-टाइमवाल्या गाड्या आहे, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधात डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची अन् मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो ताण कुठंतरी निघालाच पाहिजेन. चिखलात चाक घसरून निघते, डांबरावर निघत नाही, मंग गिअर अन् जॉइंट खातात. एकानं आख्खा समृद्धी फोर-हायमधी केला, म्हणे पकड चांगली वाटली. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकाले ताकद वाटणारा डबा) उघडून पाहिल्यावर मले वाईट वाटलं.

तिसरं टायर. गावातले पोट्टे मड टेरेन टाकून येतात, मोठ्या गुट्ट्याचे. दिसते छान. पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला का थांबायले जास्त लांब लागते, अन् रात्री रोही (नीलगाय) मधात आली का ते चार फूट लय मोठे असते. शिवाय आवाज, मायलेज. घरच्या गाडीले ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यायचे टायर), बस्स.

रोही_आडवी
माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, मी हे नाव काऊन घेतलं. मोर्शी रोडवर रात्री साडेनऊले एक रोही समोर आली, मंग दुसरी, मंग तिचं पिल्लू. तिसऱ्याले मी थांबू शकलो कारण गाडी पन्नासवर होती. उंच गाडीत बसलं का साठ पन्नाससारखा वाटते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. संत्र्याच्या पट्ट्यात रात्री पन्नासच्या वर जाऊ नका भाऊ, गाडी कोणतीही असो.

पऱ्हाटी_फुलली
मी जरा वेगळंच सांगते. आमच्याकडे मोठी गाडी आल्यापासून गावात एकही लग्न आमच्या गाडीशिवाय लागत नाही. नवरदेव त्यातच बसणार, फुलं त्यालाच लागणार. नाही म्हणता येत नाही, सगळे आपलेच. परवा तर एका पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांच्या मागं गाडी पाहिजे म्हणून आले. माझा नवरा गेला आनंदानं, झूल टाकलेल्या बैलांच्या मागं दीड तास पयल्या गिअरमध्ये. घरी येऊन म्हणे क्लच दुखते, म्हटलं गाडीचा की पायाचा, तर म्हणे दोन्ही.

जुनी_कमांडर
हाहा, हे पयल्यापासूनच आहे. आमच्या कमांडरनं साठ-सत्तर नवरदेव नेले असतीन.

झाडीपट्टी
आणि रात्री दोन वाजता दार वाजते तेव्हा तीच गाडी पाहिजे असते. गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यातली एक पोरगी, पयलं बाळंतपण, 108 ची गाडी नाल्यापलीकडे थांबली, मी तिला नाल्यापर्यंत नेलं, तिथून खाटेवर पलीकडे. सुखरूप झालं. म्हणून मी गाडीचं मायलेज कधी मोजत नाही.

मेळघाटवाली
@झाडीपट्टी, दादा, हे वाचून डोळे भरले. आमच्याकडे पण असंच आहे. धागाकर्त्यांना विनंती, निर्णय झाला की इथे नक्की लिहा, आणि आईंना घेऊनच गाडी पाहायला जा. पुरुष माणसं स्टीअरिंगवर बसून ठरवतात, मागच्या सीटवर बसून कोणी पाहत नाही.

पुण्यातला_यवतमाळकर
आणि खर्चाचा एक ढोबळ हिशोब करून ठेवा. महिन्याला तुमचं साधारण बाराशे किलोमीटर होईल. छोटी गाडी वीसचं देते, म्हणजे साठ लिटर. मोठी बाराचं दिलं तरी शंभर. चाळीस लिटरचा फरक दर महिन्याला, वर्षाला 480 लिटर. टायर पण मोठे, महाग. घेऊ नका असं म्हणत नाही, आधी माहीत असलेलं बरं.

काळीचा_कास्तकार
मंडळी, तीन आठवड्यांनी येऊन राहिलो. सगळ्यायचे प्रतिसाद बायकोले वाचून दाखवले, दोन वेळा.

मेळघाटवाली ताई, तुमचं ऐकलं. मायले घेऊन अमरावतीले गेलो. पयले तीन दारी थार दाखवली, मायनं दुरूनच हात जोडले. जिम्नीत ती आरामात बसली, तिले आवडली पण, पण आम्ही पाच. लेकरायले मधात उभं करून पाहिलं अन् मीच गाडीबाहेर आलो.

मंग रॉक्स. दार उघडलं, मायनं हातानं वरची कड धरली, उजवा पाय उचलला, पाय पोचला नाही. गुडघा तेवढा वळतच नाही तिचा. तिथला माणूस चांगला होता, त्यानं आतून प्लास्टिकचा स्टूल आणला. स्टुलावर पाय ठेवला, मंग आत, बसली. बसल्यावर चेहरा पाहण्यासारखा होता. काचेतून बाहेर पाहून म्हणे "इथून तं सारंच दिसते रे". छोट्या गाडीत तिले फक्त समोरच्या सीटचं पाठ दिसे, तिले ओकारी पण होये. येताना दहा मिनिटं ट्रायल घेतली, शहराबाहेरच्या खराब रस्त्यावर नेली, मागं थोडी उसळते हे खरं, काळ्या मातीवरचा रस्ता लाटालाटाचा आहे आमचा, पण तिनं तक्रार केली नाही.

ठरलं असं. रॉक्स डिझेल, टू व्हील ड्राइव्ह, खालचं मॉडेल, बजेटमधी कशीबशी बसते. फोर बाय फोरचा हट्ट सोडला. ट्रॅक्टरवाले भाऊ, तुमचं बेलणं डोक्यात बसलं. पांदणीत पावसाळ्यात गाडी न्यायची नाही, वावरात बाईक जाईन तिथंवर बाईक, नाहीतर पायी. शाळेच्या रस्त्याले चार चाकं नाही, उंची पाहिजेन होती, ती भेटली. अन् रपट्यावर पाणी असलं का बायकोनं शाळेत फोन करायचा अन् घरी राहायचं, हे पण ठरलं, मुख्याध्यापकाशी बोलणं झालं.

मुरूम_टाका भाऊ, तुमचा प्रतिसाद ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकला. आमच्या पांदणीवर बावीस घरायचं वावर आहे, मोजलं. सोळा जणायनं हो म्हतलं. उरलेल्या सहामधी एक माझा सख्खा चुलता आहे.

मुरूम_टाका
सोळा म्हणजे लय झाले. चुलत्याकडे तुम्ही एकटे जाऊ नका, मायला घेऊन जा.

काळीचा_कास्तकार
बरोबर बोलले. मायचं तो ऐकते.

आता एक शेवटचं विचारतो. मायसाठी पायरी पाहिजेन. मी टेप लावून मोजलं, तिचा पाय नऊ इंचावर आरामात जाते, अकरावर अडते. कंपनीची पायरी आहे ती तिले उंच पडते. गावातला वेल्डर म्हणते लोखंडी अँगलची खाली-वर घडी होणारी पायरी करून देतो, चेसिसले वेल्ड मारून. करू का?

मिस्त्री_अकोला
चेसिसले वेल्डिंग बिलकुल मारू देऊ नका. एक तं तिथला पोलाद कमजोर होते, दुसरं वॉरंटी गेली, अन् बॅटरी न काढता वेल्ड मारलं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकते. चेसिसले आधीच भोकं असतात, त्याले ब्रॅकेट नटबोल्टनं कसता येते. अन् घडीची पायरी चिखलानं जाम होईन दोन महिन्यात, तुमच्या रस्त्यानं तर एकाच.

पऱ्हाटी_फुलली
आम्ही सासूबाईंसाठी घरातला लाकडी पाट डिक्कीत ठेवतो. त्याच्या खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले, फरशीवर सरकत नाही. वरच्या दांड्याला एक जाड सुती पट्टा बांधला, त्याला धरून चढतात. दवाखान्यात लोकं विचारतात कुठून आणला म्हणून.

काळीचा_कास्तकार
पाटाची उंची किती ठेवली ताई?

पऱ्हाटी_फुलली
आमचा सात इंच. तुम्ही नऊ करा, रुंद ठेवा, दोन्ही पाय मावले पाहिजेत. एका पायानं उभं राहायची भीती वाटते त्यांना.